टेप कशी धरली होतीस?

केंद्र, वरची खोली
१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आईची कंबर बरी असेल, भाऊजींचा खोकला गेला असेल, तुझ्या रोपवाटिकेत सगळं ठीक असेल. मी मजेत आहे. झाली विचारपूस! आता ऐक. उभी असशील तर बस आणि चष्मा लाव.

तुझी रोपं सापडली!

अगं हो, तीच. जंगल संपतं त्याच्याही वर, नुसत्या दगडगोट्यात, जिथे झाड उगवूच शकत नाही असं सगळे म्हणायचे, तिथे अठरा वर्षांपूर्वी तू वहीत लिहिलं होतंस, 'फर, अकरा रोपं'. आणि कोणी विश्वास ठेवला नाही. ती रोपं. आहेत! जागच्या जागी आहेत. काल मी त्यांना हात लावून आले. अजून पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

हे ओरडून सांगायचं होतं, पण फोनवर तू "हं, आईला देते" म्हणतेस आणि मोकळी होतेस. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "सापडली म्हणजे? हरवली कधी होती?" तिला काय उत्तर देऊ? म्हणून पत्र. पत्र काही तू आईच्या हातात देणार नाहीस.

झालं असं. आमच्याकडे एक नकाशेवाले आले आहेत. गोल चेहरा, सतत घाम पुसतात, पण कामाला वाघ. त्यांनी ड्रोन उडवून डोंगराच्या वरच्या अंगाचे फोटो काढले. परवा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून म्हणाले, "बाई, हे बघा, कॅमेऱ्यावर डाग पडलेत." करड्या दगडांत हिरवे ठिपके. त्यांनी आपलं भिंग रुमालाने पुसलं, परत फोटो काढले, तर परत तेच ठिपके. मी घास तसाच हातात धरून बघत बसले. मी ते ठिपके मोजले ताई. नऊ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शेवटचा लोखंडी खांब आठवतो ना, जंगलाच्या कडेचा? त्याच्यावर जी चढण लागते तिथे नकाशेवाले चार पावलांवर एकदा थांबत होते. "अहो बाई, हा डोंगर मोजायला दिलाय की जीव घ्यायला?" मी काही थांबले नाही. माझं वय पन्नास आहे हे मी काल विसरले होते, आज गुडघ्यांनी आठवण करून दिली.

आणि मग समोर एक झाड! रोप नव्हे गं, झाड. माझ्या खांद्याला लागतंय. त्याच्या बुंध्याशी तारेची खुंटी, खुंटीला पत्र्याचा बिल्ला. मी मातीतून बोटाने उकरून काढला, थुंकी लावून पुसला. ९०४. आणि त्यातला चार डावीकडे कललेला! डाव्या हाताने ठसा ठोकणारं माणूस या डोंगरावर एकच होऊन गेलं. मी तिथेच बसकण मारली आणि मोठ्याने रडले. नकाशेवाले बिचारे घाबरले, त्यांना वाटलं पाय मुरगळला.

आता आकडे देते, तुला त्यांच्याशिवाय चैन पडणार नाही. ९०१ ते ९११, सगळे अकरा बिल्ले मिळाले. नऊ झाडं जिवंत. ९०५ आणि ९१० गेली, त्यांचे नुसते बिल्ले राहिलेत. सगळ्यात उंच ९०४, एक मीटर सव्वीस. सगळ्यात लहान ९०८, माझ्या गुडघ्याएवढं, पण ताठ. फर दर वर्षी फांद्यांचा एक मजला चढवतो, हे तूच मला शिकवलंस. ९०४ चे मजले मी तीनदा मोजले. खालचे दोन-तीन दिसत नाहीत, सालीवरच्या खुणा चाचपाव्या लागतात. तीनही वेळा एकवीस आले. तू वहीत काय लिहिलं होतंस? 'अंदाजे तीन वर्षांची.' अठरा आणि तीन किती होतात ते तू सांग!

थांब, अजून आहे. त्यांच्या आसपास नवीन रोपं आलीत, बिल्ले नसलेली, बोटाएवढी. चौतीस मोजली आणि अंधारून यायला लागलं म्हणून उतरलो. जंगल वर चढतंय ताई! तू म्हणायचीस, थंडी वर सरकली की झाडं तिच्या मागोमाग जातील, आणि लोक हसायचे. गेली की नाही?

तेव्हा पडताळायला गेले तर मला ती का दिसली नाहीत, कोण जाणे. धुकं होतं त्या दिवशी. वाराही होता. असो.

पत्र लांबलं. तू नेहमी म्हणायचीस, मी भुंग्यासारखी कानाशी गुणगुणत राहते. आज गुणगुणू दे. उत्तर पाठव. दोन ओळींचं चालेल.

तुझी,
भुंगा

*

केंद्र, वरची खोली
२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन ओळींचं मागितलं होतं, तू एकाच ओळीत भागवलंस. 'टेप कशी धरली होतीस?' खाली सही पण नाही. कार्ड चार दिवस खिशात घेऊन हिंडते आहे, कोपरे मुडपलेत.

उत्तर देते. आधी बातमी ऐक, बातमी मोठी आहे.

आमच्या प्रमुखबाई स्वतः वर येऊन गेल्या. तू त्यांना ओळखत नाहीस, तू गेल्यावर सहा वर्षांनी आल्या. माझ्याहून लहान, बोलायला चटपटीत, टेबलावर कागदाचा एक कपटा राहू देत नाहीत. ९०४ पाशी उभ्या राहून त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला, नातेवाइकाबरोबर काढतात तसा, फांदीवर हात ठेवून. खाली येताना सगळा वेळ त्या यावर लिहायच्या लेखाबद्दल बोलत होत्या. चाळीस वर्षं इथल्या झाडांचे घेर आणि तापमान मोजतो आहोत आणि आता पहिल्यांदा जंगल हललेलं डोळ्यांनी दिसलं, याची दखल सगळीकडे घेतली जाणार. केंद्रात कोणाला काम सुचत नाहीये. स्वयंपाकीणबाईसुद्धा विचारतात, "आज किती वर गेलं?" जणू काही रोज संध्याकाळी जंगल चार पावलं टाकतं!

पण एक अडचण आहे. लेखात प्रमुखबाई 'या वर्षी प्रथम आढळली' असं लिहिणार आहेत. मी म्हटलं, अहो, अठरा वर्षांपूर्वीची नोंद आहे, बिल्ले आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. तुझ्या पानावर लाल शाईने आडवी रेघ आहे. खाली शेरा, 'पडताळणीत रोपे नाहीत, खुंट्याही नाहीत. नोंद रद्द.' आणि त्याखाली सही माझी.

"बिल्ले नंतर कोणीही लावू शकतं," प्रमुखबाई म्हणाल्या. "तुम्हीच जाऊन पाहिलं होतंत ना? मग रद्द झालेली नोंद मी कशाच्या जोरावर धरू?"

त्यांचं काही चुकलं नाही. पण तुझी नोंद धरली नाही तर काय उरतं ते तुला सांगायला नको. या वर्षी नऊ झाडं दिसली, एवढंच. तुझी नोंद धरली तर अकरातली नऊ जगली, अठरा वर्षांत किती वाढली, कुठल्या सालापासून चढायला लागली, सगळं कळतं. अशी नोंद पैदा करायला नवीन माणसाला आजपासून अठरा वर्षं थांबावं लागेल. आणि ती तुझी आहे.

बरं, उत्तर.

धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन होतं, लांबची शिखरं दिसत होती. मी एकटी होते. ड्रायव्हर सोबतीला दिला होता, तो वारा बघून खांबापाशीच बसला. शंभर मीटर वर जायचं होतं. तुझी पद्धत मला तोंडपाठ होती. टेप आडवी धरायची, जमिनीला समांतर. दोन मीटर आडवं, मग ओळंब्याची दोरी सोडून खालचा ठिपका जुळवायचा, मग पुढचे दोन मीटर. अशा पन्नास पायऱ्या. त्याला दोन माणसं लागतात. मी टेपचं टोक सुतळीने खांबाला बांधलं आणि टेप उतारावर टाकून चालायला लागले. शंभरावर टेप संपली. मी थांबले.

एवढ्या उभ्या चढावर टेप जमिनीवर टाकून शंभर मोजले की माणूस खऱ्या जागेच्या तीस मीटर खालीच राहतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. मी तीस मीटर खाली उभी राहून इकडे तिकडे पाहिलं. नुसते दगड. रोपं नाहीत, खुंट्या नाहीत. मान वर केली असती तरी कदाचित दिसल्या असत्या. मी खाली उतरले आणि जे पाहिलं ते लिहिलं. खुंट्याही नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला, तू वर गेलीच नाहीस, मुक्कामाच्या झोपडीत बसून वही भरलीस. आपल्या कामात याहून वाईट शिवी नाही.

मला तेव्हा चूक कळली नव्हती ताई. घाईत झालं सगळं.

आईला सांग, तिने पाठवलेले लोकरी मोजे अगदी मापाचे आहेत. उत्तर देशील ना?

तुझी,
भुंगा

*

केंद्र, खालचं ऑफिस
३० सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मागच्या पत्रातली 'मला तेव्हा चूक कळली नव्हती' ही ओळ खोटी होती आणि ती तू वाचताक्षणी ओळखली असणार.

मी पडताळणीहून उतरले त्या संध्याकाळी झोपडीत तू बूट काढत होतीस. एक निघाला होता, एक पायात होता. तुझी नोंद खोटी म्हणून तेव्हाचे प्रमुख, आपले साहेब, तुला काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तू साहेबांशी भांडली नाहीस, रडली नाहीस. माझ्याकडे बघून एवढंच विचारलंस, "टेप कशी धरली होतीस?"

त्या क्षणी मला कळलं. तू विचारलंस आणि डोळ्यांसमोर ती सुतळीची गाठ आली. मला सगळं कळलं ताई, तीस मीटर, खुंट्या, सगळं. आणि मी म्हटलं, "तू शिकवलीस तशी."

तू दुसरा बूट काढलास. मग म्हणालीस, "मग बरोबर असेल." चार दिवसांनी बर्फ पडला, वरची वाट बंद झाली, आणि बर्फ वितळायच्या आत तू राजीनामा देऊन निघून गेलीस. "माझ्या शब्दाला टेप लावायची असेल तर मला इथे राहायचं नाही," असं तू साहेबांना सांगितलंस. तुझी जागा मला मिळाली. तो प्लॉट यादीतून काढला होता, त्यामुळे वर जायचं कोणाला कारणच नव्हतं. मी तर दर वर्षी त्या खांबापर्यंत जायचे, त्याच्यावरचा रंग ताजा करायचे आणि खाली बघत परत फिरायचे. अठरा वर्षं मी मान वर केली नाही. भीती वाटायची, तिथे काही असलं तर?

का केलं असं, तर मी बत्तीस वर्षांची होते आणि तुझ्यासारखं व्हायचं होतं. तुझ्यासमोर कच्ची ठरायची लाज वाटली. एवढंच कारण आहे. मी याहून मोठं काही शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आता पुढचं ऐक, आणि हे ऐकताना रागावलीस तरी चालेल पण वाच.

सोमवारी सकाळी मी प्रमुखबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सुतळीपासून बुटापर्यंत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "आणखी किती ठिकाणी टेप अशी धरलीत?"

"कुठेच नाही."

"हे मी तुमच्या शब्दावर मानू?"

मी आखलेले चारही प्लॉट आता दुसरी माणसं नव्याने मोजणार आहेत. ते होईपर्यंत मी मोजणी करायची नाही, फक्त कोणी मोजेल ते लिहून घ्यायचं. पन्नासाव्या वर्षी परत वही-पेन्सिल! अपमान वाटायला हवा होता. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन नकाशेवाल्यांना मीच चहा पाजला.

रजिस्टरात तुझ्या पानावर मी स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहिली आहे. 'पडताळणी चुकीच्या जागी झाली. टेप उतारावर टाकली होती, ती आडवी धरली नव्हती. चूक पडताळणी करणारीची. मूळ नोंद बरोबर असावी.' खाली सही आणि तारीख. प्रमुखबाईंनी ती वाचली आणि 'असावी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाल्या, 'आहे' लिहायचं असेल तर जागा नव्याने मोजून दाखवा. शंभर मीटर आडवे, आणि ज्यांनी खुंट्या ठोकल्या त्यांच्यासमोर.

म्हणजे तू, ताई! तुला अधिकृत पत्र निघालंय, गाडी येणार आहे, सहा ऑक्टोबरची सकाळ ठरली आहे. त्याच्या आत बर्फ पडणार नाही असं हवामानवाले सांगतात. गुडघ्यांचं निमित्त काढू नकोस, आई मला म्हणाली की तू रोपवाटिकेत दिवसभर खतांची पोती ओढतेस. नकाशेवाले म्हणतात, वाटेत दर चार पावलांना थांबू, त्यांना तेवढीच सोबत.

तुझा पितळी ओळंबा माझ्या खणात आहे. तू जाताना विसरलीस असं मी सगळ्यांना सांगायचे. तू विसरली नव्हतीस, मी तुझ्या पिशवीतून काढून घेतला होता. का, ते विचारू नकोस, तुझं काहीतरी हवं होतं. काल त्याला नवीन दोरी बांधली.

पन्नास पायऱ्या आहेत. टेप आडवी धरायला दोन माणसं लागतात. वरचं टोक तू धर, खालचं मी डोक्यावर धरीन, ओळंबा सोडीन, तू सांगशील तसं हलेन. एकही पायरी गाळणार नाही. रोपं मला सापडली म्हणून मी उड्या मारत होते, पण खरं सांगू? मला आता त्या चढणीचीच जास्त घाई झाली आहे. तू येशील की नाही हे मला माहीत नाही आणि तरी मी रोज सकाळी आभाळ बघते.

तू मला पहिल्या दिवशी एक नियम घालून दिला होतास. मोजणारीने आकडा सांगायचा, लिहिणारीने तो मोठ्याने परत म्हणायचा, आणि मोजणारीने 'बरोबर' म्हटल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकवायची नाही. घरीसुद्धा आपण असंच करायचो. "साखर दोन चमचे." "दोन." "बरोबर." आई वैतागायची.

तू सांगितलेला आकडा मी परत म्हटलाच नव्हता. आता म्हणते.

शेवटच्या खांबापासून शंभर मीटर, टेप आडवी. फर. अकरा रोपं.

पेन्सिल इथेच थांबवली आहे. सहा तारखेला वर येऊन बोल.

लिहून घेणारी,
तुझी धाकटी बहीण